बोलतं करायची घाई नको

अगं, काल फोनवर तू एकच विचारत होतीस, 'ताई, हे काही बोलतच नाहीत, यांना बोलतं कसं करू?' मागं तुझ्या सासूबाईंचा आवाज येत होता, म्हणून मी नुसतं हं-हं करून फोन ठेवला. आज सगळं सविस्तर लिहिते. रात्री निजानीज झाली की वाच.

पहिलंच सांगते, आणि तुला ते उलटं वाटेल. त्यांना बोलतं करू नकोस.

ते रेल्वे चालवत असताना तो माणूस त्यांच्या इंजिनासमोर आला, त्याला अजून महिनाही झालेला नाही. आणि तेवढ्यात तुझ्या घरी किती जण येऊन गेले? चुलतसासरे, कॉलनीतले, गावाकडचे, शिवाय ते भिशीवाले. प्रत्येकाचं तेच. 'कसं झालं हो? लांबून दिसला नाही का? हॉर्न दिला नव्हता का?' विचारणाऱ्याला वाटतं आपण चौकशी केली, माया दाखवली. इकडं ते दरवेळी पुन्हा इंजिनात जाऊन बसतात, काचेतून पुन्हा तेच बघतात, आणि पाहुणे चहा पिऊन निघून जातात. उद्यापासून हे बंद कर. दारातच सांग, 'त्यांना जरा विश्रांती सांगितलीय.' वाईटपणा आला तर माझ्या नावावर खपव, 'ताईनं बजावलंय' म्हण.

अशा माणसांचं समुपदेशन हेच माझं रोजचं काम, तुला माहीतच आहे. पण माझ्याकडं येणाऱ्या कुणाची गोष्ट मी तुला सांगणार नाही, आमच्यात ते चालत नाही. जे सगळ्यांना माहीत आहे, पुस्तकात आहे, तेवढंच सांगते.

आपण साधी आठवण सांगतो तेव्हा तिच्यावर तारीख असते. गेल्या दिवाळीत, आषाढीच्या आधी, धाकटी रांगत होती तेव्हा. जिवावर बेतलेल्या प्रसंगाचं असं होत नाही. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला म्हणतात त्याला. धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं काम. त्या क्षणी तो इतक्या जोरात वाजतो की 'हे कधी, कुठं, कशानंतर' याची नीट नोंद ठेवणारा शेजारचा भाग मागं पडतो. मग राहतात ते नुसते तुकडे. एक आवाज, एक रंग, ब्रेकचा जळका वास, त्या माणसाच्या अंगातला शर्ट. या तुकड्यांना काल-परवा कळत नाही. स्टेशनातून शिट्टी आली की अंग म्हणतं, आत्ता चाललंय. तू म्हणालीस ना, कुकरची शिट्टी झाली की हे ताटावरून उठून जातात? ते नाटक नाही, आणि बायकोच्या स्वयंपाकावरचा राग तर नाहीच नाही. रात्री दचकून उठणं, छातीत धडधड, बारीकसारीक गोष्टीवर खेकसणं, टीव्हीसमोर बसून टीव्ही न बघणं, सगळं यातलंच. पहिल्या महिन्यात हे होणं स्वाभाविक आहे, आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही तेवढंच राहिलं किंवा वाढत गेलं, तर मात्र त्याला आजार म्हणून बघायचं. तज्ज्ञांच्या यादीत त्या आजाराला नाव मिळालं १९८० साली. त्याआधी काय लोकांना होत नव्हतं थोडंच.

आता कुणी म्हणेल, मनातलं एकदा भडाभडा बाहेर पडलं की मोकळं वाटतं. साध्या दुःखात हे खरंही आहे. या दुखण्याच्या बाबतीत मात्र आमच्या धंद्यातल्या शहाण्या माणसांनाही बरीच वर्षं असंच वाटत होतं, आणि ते अंगाशी आलं. अमेरिकेत जेफ्री मिचेल म्हणून एक जण, अग्निशमन दलात आणि रुग्णवाहिकेवर काम केलेला. त्यानं १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. मोठा अपघात झाला की दोन-चार दिवसांत सगळ्यांना गोल बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं, हे एकाच बैठकीत बोलून घ्यायचं. हेतू चांगला होता आणि जगभर ती पसरली. पुढं नीट तपासून बघितलं तेव्हा कळलं की त्यानं पुढचा आजार टळत नाही, उलट काही जणांचा त्रास वाढतो. आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की हे करू नका. पाणी द्या, आडोसा द्या, घरच्यांशी गाठ घालून द्या, माणूस आपणहून बोलला तर ऐका, आणि नाही बोलला तर नुसतं जवळ बसा.

आपल्या आजीला हे कुठलीही संघटना न सांगता कळत होतं. आजोबा बार्शी लाइटवर फायरमन. कॅलथ्रॉपसाहेबाची ती अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली सुरू झाली, तेव्हा आपल्या कुर्डुवाडी स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं, हे आजोबा दर पाहुण्याला सांगायचे. एवढी सावकाश गाडी, तरी तिच्याखालीही कधी जनावर, कधी माणूस सापडायचाच. असं काही झालं की आजी दारातच पाण्याची घागर घेऊन उभी असायची. अंगावर पाणी, धुतलेलं धोतर, आणि मग भाकरी वाढायची. विचारायची काही नाही. संध्याकाळी आजोबा वर्कशॉपच्या बाजूला कट्ट्यावर आपल्या जोडीदारांसोबत बसायचे, आणि जे काय बोलायचं ते तिथं, कधीतरी, अर्धंमुर्धं. तेव्हा तुझ्या सासूबाई नारळ ओवाळून टाकतायत, तर टाकू दे. पंढरपूरला नेऊन आणायचं म्हणतायत, तर तेही होऊ दे, गर्दीचा दिवस सोडून. त्यात वाईट काही नाही. देवऋषी, अंगारे, आणि त्यात घातलेले सहा महिने, हे मात्र नको.

किल्लारीचा भूकंप तुला आठवत नसणार, तू पाळण्यात होतीस. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा येऊन गाढ झोपलेली. आपल्या क्वार्टरमध्ये फळीवरची भांडी खडखडली, आई आपल्याला घेऊन बाहेर पळाली, आणि पुढं कितीतरी रात्री सगळी कॉलनी अंगणात झोपत होती. इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर ही तऱ्हा. मग ज्यांच्या अंगावर दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं कोसळली त्यांचं काय झालं असेल! मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास, काही ठिकाणी तो दहा हजारांपर्यंत सांगतात.

डॉ. मोहन आगाशे माहीत आहेत ना तुला, 'घाशीराम कोतवाल'मधले नाना? ते मुळात मानसोपचाराचे प्राध्यापक. या भूकंपानं माणसांच्या मनाचं काय झालं, याचा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा अभ्यास त्यांच्या देखरेखीखाली झाला. आपल्याकडं संकट आलं की ब्लँकेट, धान्य, पत्रे यांचा हिशोब होतो. मनाचा हिशोब कुणीतरी गंभीरपणे मांडला, हे महत्त्वाचं होतं.

पण मला विचारशील तर किल्लारी भागातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट दवाखान्यात घडली नाही. बावन्न गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, काँक्रीटची घरं. घरं मजबूत, पण जुना शेजार तुटला आणि वाडा, ओसरी, पार गेला. त्या काळात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगानं गावोगावच्या बायकांना पुढं आणलं, संवाद सहायक म्हणून. घर दुरुस्त कसं करायचं, भिंतीत काय घालायचं, सरकारी पैसा कुठं अडलाय, हे या बायका लोकांना समजावून सांगायच्या आणि बांधकामावर लक्ष ठेवायच्या. त्यांच्यातल्या काही जणींनी स्वतःच्या घरातली माणसंही गमावली असतील. त्यांना कुणी 'तुमचं दुःख सांगा' म्हटलं नाही. हातात काम आलं, चार जणींत उठबस आली, आणि ज्या भिंतीची धास्ती घेतली होती तीच भिंत पक्की कशी उभी करायची हे कळलं. हे उपचार नव्हते, कबूल. पण उपचार करणाऱ्यानं त्यातून शिकावं असं बरंच होतं.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, एक पुस्तक लिहिलं होतं. आमचा सगळा धंदा अजून त्याच वाटेनं चालतो. आधी माणसाला सुरक्षित वाटलं पाहिजे, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. क्रम असा असला तरी गाडी पुढं-मागं होतच राहते. लोकांची चूक अशी की ते थेट दुसऱ्यापासून सुरू करतात. तुझ्या नवऱ्याला हे समजावणं सोपं आहे. ब्रेक तपासल्याशिवाय ते स्टेशन सोडतात का? मनाचंही तेच, आधी थांबवता आलं पाहिजे, मग पुढं जायचं. माझ्या समोर बसलेल्या माणसाला स्वतःला शांत करता येत नसेल, तर मी त्याला त्या दिवसाकडं जाऊच देत नाही.

म्हणून पहिल्या काही भेटींत आम्ही काय करतो ते बघशील तर तुला हसू येईल. 'काय झालं' हा प्रश्नच नाही. झोप किती लागली, जेवण जातं का, दारू वाढलीय का, घरात कुणाशी पटतं. खुर्ची कुठली हवी ते तेच ठरवणार, बऱ्याच जणांना दाराजवळची हवी असते, पाठ भिंतीला लावून. खिडकी उघडी की बंद, तेही त्यांनाच विचारायचं. ज्याच्या हातातून एका क्षणात सगळं निसटलं, त्याच्या हातात असं थोडंथोडं परत द्यायचं असतं. मग श्वास. आत घेतो त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. आणि डोळे हरवायला लागले की, 'पायाखाली काय आहे? फरशी गार लागतेय का? भिंतीवर कुठल्या दुकानाचं कॅलेंडर आहे?' एवढं तूही घरी करू शकतेस. रात्री दचकून उठले तर गदागदा हलवू नकोस. दिवा लाव, दोन पावलं लांब उभी राहा, नाव-गाव-वार सांग. 'घरी आहात, कुर्डुवाडीत आहात, आज गुरुवार आहे, मी आहे.' मग पाणी.

पुढचं मात्र घरी करायचं नाही, ते शिकलेल्या माणसाचं काम. तरी कसं असतं ते सांगते, म्हणजे तुझी भीती जाईल.

एका पद्धतीत आम्ही जमिनीवर दोरी पसरतो. एक टोक जन्माचं, दुसऱ्या टोकाला थोडी गुंडाळी ठेवायची, ते अजून यायचं असलेलं आयुष्य. चांगल्या प्रसंगाला फूल, वाईटाला दगड. दहावी पास झाल्याचं फूल, वडील गेले तो दगड, नोकरीची ऑर्डर आली ते फूल, लग्न, धाकटीचा जन्म. आणि मग तो दिवस. माणूस मोठ्यातला मोठा दगड उचलतो, ठेवतो, आणि पहिल्यांदाच त्याच्या लक्षात येतं की दगडाच्या आधीही दोरी आहे आणि नंतरही. त्यानंतर भेटीगणिक एकेका फुला-दगडाची गोष्ट सांगायची, क्रमानं, तारीख-वार-जागेसकट. तुकड्यांना तारीख लागते ती अशी. युद्धातून, दंगलीतून पळून आलेल्या निर्वासितांसोबत ही पद्धत फार वापरली गेली.

दुसरी एक फ्रान्सिन शापिरो बाईंनी १९८७ मध्ये शोधली. त्यात आठवण मनात धरून समोरच्याच्या बोटांमागं डोळे डावीकडं-उजवीकडं फिरवायचे असतात. ऐकायला जादूटोणा वाटतो. डोळे फिरवल्यानं नेमकं काय होतं, यावर तज्ज्ञांत अजून भांडणं आहेत, गुण येतो याबद्दल फारशी नाहीत.

तुझ्या ह्यांच्या बाबतीत मला खरी गाठ दिसते ती अपराधीपणाची. 'मी मारला' म्हणतात ना रात्री? आणि तुम्ही सगळे म्हणता, 'तुमची काय चूक?' बरोबरच म्हणता, पण त्यांच्या आत ते शिरत नाही. चांगला समुपदेशक एवढ्या लवकर माफी देऊन मोकळा होत नाही. तो शांतपणे विचारेल, वेग किती होता? तो माणूस पहिल्यांदा दिसला तेव्हा अंतर किती? वळण होतं का, उजेड होता का? हॉर्न कधी दिला, इमर्जन्सी ब्रेक कधी लावला? त्या वेगाला, तेवढ्या डब्यांनिशी, गाडी थांबायला किती अंतर लागतं? हे उत्तर जगात कुणापेक्षाही त्यांनाच नीट ठाऊक आहे. ब्रेक लागल्यावरही गाडी शेकडो मीटर पुढं जाते, तिला बाजूला वळवता येत नाही, आणि हातात होतं ते त्यांनी केलं होतं. हे गणित त्यांनी स्वतःच्या तोंडानं मांडलं की 'मी मारला'च्या जागी 'माझ्या गाडीखाली आला आणि मी थांबवू शकलो नाही' एवढं उरतं. दुःख राहतं. राहणारच, माणूस गेलाय. ते काढून टाकणं आमचं काम नाही.

मग हळूहळू सामोरं जाणं. आधी मोबाइलवर शिट्टीचा आवाज, अगदी बारीक. मग स्टेशनच्या पादचारी पुलावर उभं राहून खालून जाणारी गाडी बघायची. मग फलाटावर. मग उभ्या इंजिनाजवळ. ज्या किलोमीटरच्या खांबापाशी घाम फुटतो तो सगळ्यात शेवटी, आणि तोही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. एकेका पायरीवर भीती चढते आणि आपोआप उतरते, हे अंगाला कळेपर्यंत पुढची पायरी नाही. तुझा दीर म्हणाला ना, 'उद्याच ड्यूटीवर पाठवा, भीती मोडेल'? त्याला माझा नमस्कार सांग, आणि गप्प बसायला सांग.

आता ज्याच्याबद्दल तू फोनवर एक शब्दही बोलली नाहीस, पण मला माहीत आहे, त्याबद्दल. 'मेडिकल डीकॅट'ची भीती. रेल्वेच्या डॉक्टरला झोप लागत नाही असं सांगितलं तर इंजिनावरून उतरवतील, रनिंग अलाउन्स जाईल, कॉलनीत चर्चा होईल. भीती खोटी नाही, पगारात फरक पडतोच. पण तीन रात्री न झोपलेला ड्रायव्हर गाडी नेतो तेव्हा त्याच्यामागं हजारभर माणसं बसलेली असतात. ते लपवायचं नाही, या बाबतीत मी तुझं ऐकणार नाही. वेळीच सांगितलं तर बहुतेकदा काही दिवसांची रजा आणि उपचार एवढ्यावर भागतं. अगदीच वेळ आली तरी नोकरी जात नाही, रेल्वेत पर्यायी काम देण्याचा नियम आहे. आणि डॉक्टरनं रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी, हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे. सोलापूरला रेल्वेचं हॉस्पिटल आहे, तिथून सुरुवात करा. सिव्हिललाही मानसोपचाराचा विभाग आहे. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ लाव, टेली-मानस. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, आणि चोवीस तास कुणीतरी असतं.

मेडिकलमधून झोपेची गोळी मात्र आणू नका. शेजारच्या काकूंना लागू पडते म्हणून तर मुळीच नको. सुरुवातीच्या महिन्यात त्या जातीच्या गोळ्यांनी फायदा होत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगून ठेवलंय, आणि सवय लागते ती वेगळीच. गोळी लागलीच तर डॉक्टर लिहून देतील. दारूचंही तेच. 'एक घेतो, झोप लागते' यातला एक फार दिवस एक राहत नाही.

आणि दोन गोष्टी, ज्यात थांबायचं नाही. जगण्यात अर्थ नाही, माझ्यामुळं सगळ्यांना त्रास, असं काही त्यांच्या तोंडून आलं तर न घाबरता सरळ विचार, 'जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?' विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही, उलट विचारणारं कुणीतरी आहे एवढं कळतं. त्यांना एकटं सोडू नकोस आणि मला लगेच फोन कर, वेळ बघू नकोस. दुसरी गोष्ट तुझी. त्यांनी हात उगारला, तर 'आजारी आहेत बिचारे' म्हणून सोसायचं नाही. लेकरांना घेऊन सरळ माझ्याकडं निघून ये. उपचार ते घेतील, मार तू का खायचा?

तूही झोपलेली दिसत नाहीस, आवाजावरूनच कळलं. दिवसभर त्यांच्या चेहऱ्याकडं बघत बसतेस, शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवतेस, पोरींना गप्प करत फिरतेस. असं केलं तर तूही आजारी पडशील. दुपारी तासभर बाहेर पड, भाजी आणायला का होईना. आणि पोरींना काहीतरी खरं सांग, त्यांच्या वयाला झेपेल एवढं. 'बाबांच्या गाडीला अपघात झाला, बाबांना त्याची भीती वाटते, डॉक्टर औषध देतील, बाबा तुमच्यावर चिडलेले नाहीत.' थोरलीला शेवटचं वाक्य दोनदा सांग.

मी रविवारच्या पॅसेंजरनं येते. त्यांना मात्र सांगू नकोस की ताई तपासायला येतेय. शेंगाचटणी संपलीय म्हणून येतेय असं सांग, आणि खरंच किलोभर कुटून ठेव, लसूण जरा जास्त.